चहा-कॉफीच्या पाण्यावर वीज-गॅस कमी कसा जाळायचा: नवीन लोकांसाठी

नवीन घर लावलंय, स्वतःचं बिल स्वतः भरायला लागलाय आणि दिवसातून चार-पाच वेळा काहीतरी गरम प्यायची सवय आहे, अशांसाठी हे लिहितोय. आधीच सांगून ठेवतो, यातून बिल अर्धं वगैरे होणार नाही, तसं कोणी सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय. पण पाणी गरम करणं हे घरातलं तसं ताकदीचं काम आहे आणि त्यातला बराचसा खर्च आपण न प्यालेल्या पाण्यावर आणि हवेत गेलेल्या वाफेवर करत असतो, तो भाग काहीही विकत न घेता वाचतो. म्हणून क्रम लावताना फुकटातल्या गोष्टी आधी घेतल्यात, खर्चाच्या शेवटी.

पहिली पायरी: एकदा हिशोब समजून घ्या

घाबरू नका, एकच सूत्र आहे. जेवढे लिटर पाणी, गुणिले जेवढे अंश तापवायचं, भागिले 860, उत्तर युनिटमध्ये. युनिट म्हणजे बिलावर असतं तेच, एक किलोवॅट-तास. समजा नळाचं पाणी 20 अंशांवर आहे आणि ते 100 पर्यंत न्यायचंय, म्हणजे 80 अंश. एक लिटरला 80 भागिले 860, म्हणजे साधारण 0.093 युनिट. हे झालं निव्वळ पाण्याच्या पोटात जाणारं, याच्यापेक्षा कमीत जगातली कुठलीच केटल ते पाणी उकळून देऊ शकत नाही, मग डब्यावर काहीही छापलेलं असू दे. प्रत्यक्षात भांडं तापतं, बाजूने उष्णता जाते, थोडी वाफ जाते, त्यामुळे विजेच्या केटलला लिटरमागे 0.11 च्या आसपास लागतात. एका मोठ्या मगाला, म्हणजे 250 मिलीला, 0.03 धरा. चौथा हिस्सा का नाही असं वाटेल, तर केटलचं स्वतःचं अंगही दरवेळी तापवावं लागतं ना, पाणी थोडं असलं तरी.

आता या आकड्याला तुमच्या बिलावरच्या युनिटच्या दराने गुणा. दर बघताना बिलातला शेवटचा टप्पा बघा, कारण बऱ्याच ठिकाणी वापर वाढेल तसा दर चढतो आणि तुम्ही वाचवाल ते युनिट सगळ्यात महागड्या टप्प्यातलंच वाचतं. एका मगाचा आकडा फारच किरकोळ येईल, येऊ दे, पुढे बघा.

दुसरी पायरी: पाणी मापून घ्या (बाकी काही नाही केलंत तरी हे करा)

माणूस काय करतो, केटल नळाखाली धरतो, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि भरेल तेवढी भरतो. प्यायचंय एक मग, उकळतंय एक लिटर. उरलेलं पाऊण लिटर तसंच केटलमध्ये गार होतं, दोन-तीन तासांनी परत तेच पाणी पहिल्यापासून उकळायचं. दिवसातून चार वेळा हे केलं की दरवेळी 0.08 युनिट फुकट, दिवसाचे 0.32, वर्षाचे 110 ते 120 युनिट. एका मगाचा आकडा किरकोळ दिसत होता तो असा जमतो.

उपाय अगदीच साधा आहे, ज्या मगात प्यायचं त्याच मगाने पाणी मोजून केटलमध्ये ओतायचं. दोघं असाल तर दोन मग. वाफ आणि केटलच्या तळाशी राहणारं पाणी धरून एक-दोन घोट जास्त घ्या, तेवढं पुरतं. केटलवरच्या खुणांवर फार विसंबू नका, त्या बऱ्याचदा हँडलच्या आत दडलेल्या असतात, आणि "कप" अशी खूण असेल तर कंपनीचा कप तुमच्या मगापेक्षा बराच लहान निघू शकतो. एकदा मगाने मोजून पाणी कुठपर्यंत येतं ते बघा आणि बाहेरून मार्करने रेघ मारून टाका, मग रोज मोजायचीही गरज नाही. दिसायला जरा विचित्र दिसतं पण घरातले बाकीचे लोक सूचना ऐकत नाहीत, रेघ मात्र बघतात, हा अनुभव आहे.

इथे एक अडचण येते ती किमान पातळीची. बहुतेक केटलवर मिनिमम अशी खूण असते आणि तिच्याखाली पाणी घेऊन चालू करायचं नाही, तळ कोरडा पडून जास्त तापतो, आतलं सेफ्टी कट-आउट उडतं, वारंवार झालं की केटल कायमची जाते. जुन्या पद्धतीच्या, आत उघडी कॉइल दिसणाऱ्या केटलमध्ये ही कॉइल पूर्ण बुडालीच पाहिजे, त्यामुळे किमान पाणी जास्त लागतं, अर्धा लिटर वगैरे. सपाट तळाच्या केटलमध्ये कमीत भागतं. एकटेच राहत असाल आणि केटलची किमान खूण 500 मिलीवर असेल तर तुम्ही कितीही मापून वागलात तरी प्रत्येक मगामागे एक मग पाणी जास्तीचं उकळणार. त्यावर दोन उपाय खाली येतीलच, थर्मास आणि मायक्रोवेव्ह.

उरलेलं पाणी ओतून देऊ नका हेही यातच आलं. अर्ध्या तासापूर्वी उकळलेलं पाणी अजून 60 अंशांवर असेल तर त्याला परत उकळायला 40 च अंश चढायचेत, म्हणजे निम्मंच काम. घरात लागोपाठ दोघांना प्यायचं असेल तर मध्ये तासाभराचं अंतर पडू देऊ नका, हाक मारून विचारा, "मी पाणी ठेवतोय, तुला पण हवंय का?" एवढ्यावर काम होतं.

तिसरी पायरी: उकळी आली की थांबा

ही गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते म्हणून जरा सविस्तर. पाणी 100 अंशांवर पोचलं की त्याच्या पुढे ते तापत नाही. आच मोठी ठेवा, बारीक ठेवा, पाच मिनिटं ठेवा, पंधरा ठेवा, उघड्या भांड्यात ते 100 वरच राहणार, पुढची सगळी ऊर्जा वाफ करण्यात जाते. आणि वाफ भयंकर महाग असते. फक्त 100 मिली पाणी वाफ होऊन उडालं तर त्यात 226 किलोज्यूल (ऊर्जेचं माप) जातात, आणि अख्खं एक लिटर पाणी 20 वरून 100 वर न्यायला लागतात 335. म्हणजे अर्धा कप पाणी खळखळत उडवायला जेवढं लागतं तेवढ्यात साधारण दोन तृतीयांश लिटर नवीन पाणी उकळीपर्यंत येतं. गॅसवर आधण ठेवून कोणी दार उघडायला गेलं, तिथेच गप्पा मारत बसलं, पाच-सात मिनिटांत एवढं पाणी सहज उडतं.

उंचावर राहत असाल तर हा 100 चा आकडा खाली येतो, दर 300 मीटरला साधारण एक अंश. दीड हजार मीटरवर पाणी 95 च्या आसपासच उकळतं. तिथे "अजून नीट गरम झालं नाही" म्हणून जास्त वेळ उकळत ठेवून काही उपयोग नाही.

केटल आपोआप बंद होते मग काय प्रश्न, असं म्हणाल. होते, पण कशी ते बघा. उकळीची वाफ एका छोट्या वाटेने जाऊन दोन धातूंच्या एका चकतीला तापवते, ती चकती टिचकन उलटी वाकते आणि स्विच पडतो. म्हणजे वाफ तिथपर्यंत पोचायला हवी. झाकण नीट बसलं नसेल तर वाफ वरूनच पळते, केटल उकळतच राहते. 2000 वॅटची केटल अशी 30 सेकंद जास्त खळखळली तर 60 किलोज्यूल गेले, तेवढ्यात पाऊण मग पाणी तापलं असतं. त्यामुळे झाकण क्लिक होईपर्यंत दाबा, आणि उकळी फुटूनही केटल बराच वेळ बंद होत नसेल तर वाफेच्या वाटेत क्षार साचलेत का ते बघा, तेही नसेल तर स्वतःच्या हाताने बंद करा, वाट बघत बसायची काही गरज नाही.

कान वापरा. पाणी तापायला लागलं की आधी बारीक सूं आवाज येतो, तो वाढत वाढत जातो, तळाशी तयार होणारे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात जाऊन फुटतात त्याचा तो आवाज. मग उकळीच्या जरा आधी तो एकदम खाली येतो आणि त्यानंतर खळखळ सुरू होते. आवाज दबला की समजायचं आता काही सेकंदांचाच मामला आहे. एकदा लक्ष देऊन ऐका, नंतर बाहेरच्या खोलीतूनही कळतं.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही याची खात्री नसेल, ते शुद्ध करण्यासाठी उकळत असाल, तर इथे काटकसर करायची नाही. चांगली खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि 2000 मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं उकळू द्या. लहान बाळाच्या पावडरच्या दुधाचं पाणीही याच प्रकारात धरा. खाली मी जे जे कमी तापमानाचं किंवा थंड पाणी मिसळायचं सांगतोय ते सगळं आधीच पिण्यायोग्य असलेल्या पाण्यासाठी आहे.

चौथी पायरी: सगळ्याला 100 अंश लागत नाहीत

काळ्या चहाला उकळतं पाणी हवं, मान्य. पण ग्रीन टीला 70 ते 80 अंश पुरे, त्याहून गरम पाण्याने तो कडू होतो. कॉफी 90 ते 96 मध्ये चांगली उतरते. इन्स्टंट कॉफी किंवा कोको तर 80 अंशांच्या पाण्यातही मस्त विरघळतो आणि तोंडही भाजत नाही. नाहीतर लोक काय करतात, खळखळतं पाणी ओततात आणि मग दहा मिनिटं फुंकर मारत बसतात.

20 वरून 100 ऐवजी 80 वर थांबलात तर 80 च्या जागी 60 अंशच चढायचे, सरळ 25 टक्के बचत. तापमान निवडता येणारी केटल असेल तर बटण दाबा. साधी केटल असेल तर एक युक्ती आहे जी मला या सगळ्यात जास्त आवडते: तीन भाग पाणी उकळा आणि मगात एक भाग साधं पिण्याचं पाणी घाला, 20 अंशांचं असेल तर मिश्रण बरोबर 80 वर येतं. म्हणजे 240 मिलीच्या मगाला 180 मिली उकळतं आणि 60 मिली साधं. केटलमध्ये मुळातच कमी पाणी घ्यायचंय हे मात्र विसरू नका, नाहीतर पूर्ण मगभर उकळून वरून थंड ओतलंत तर बचत कसली, उलट पेयच जास्त झालं.

पाचवी पायरी: सुरुवात कुठून करताय ते बघा

फ्रिजमधली बाटली काढून केटलमध्ये ओतणारे लोक आहेत. 5 अंशांवरून 100 म्हणजे 95 अंश, खोलीतल्या 25 वरून 75, जवळजवळ सव्वापट खर्च, शिवाय ते थंड करायला फ्रिजने आधी वीज खाल्लेलीच आहे. थंडीच्या दिवसांत नळाचं पाणी गारढोण येतं, तेव्हा प्यायचं पाणी आदल्या रात्री भरून घरात ठेवलं तर सकाळपर्यंत ते खोलीच्या तापमानाला येतं. एवढंच.

गीझरचं किंवा सोलरचं गरम पाणी घेऊ का, हा प्रश्न हमखास येतो. नको. टाकीत साठून राहिलेलं पाणी, पाइपमधून उतरलेले धातू, ते प्यायला धरत नाहीत, आणि धातू उकळून जात नाहीत. दोन-चार पैशांसाठी हा उद्योग करू नका.

सहावी पायरी: कशावर उकळायचं

घरात जे आहे त्यातलंच योग्य वेळी योग्य ते वापरा, असं माझं म्हणणं आहे. विजेची केटल पाण्यासाठीच बनलेली, हीटर पाण्याला चिकटून असतो त्यामुळे भरलेली असताना विजेतला 80 ते 90 टक्के भाग पाण्यातच जातो. इंडक्शन तिच्या जवळपास, पण भांडं सपाट तळाचं आणि झाकण असलेलं हवं, जाड तळाचं वजनदार भांडं मगभर पाण्यासाठी घेऊ नका, ते भांडंच तापवण्यात वेळ जातो. मायक्रोवेव्ह भिंतीतून जेवढी वीज घेतो त्यातली साधारण निम्मी किंवा थोडी जास्त पाण्यात टाकतो, म्हणजे मगामागे 0.04 युनिट. केटलपेक्षा वाईट, बरोबर? पण तुमच्या केटलला किमान अर्धा लिटर लागत असेल तर तिचे होतात 0.055 ते 0.06, मग एका मगापुरता मायक्रोवेव्ह जिंकतो. फक्त मायक्रोवेव्हमधलं पाणी कधीकधी न उकळता 100 च्या वर जातं आणि हात लावला की एकदम उसळतं, गुळगुळीत नव्या काचेच्या कपात हे जास्त होतं. आत लाकडी चमचा किंवा काडी ठेवून तापवा, वेळ बेताची लावा, बाहेर काढायच्या आधी अर्धा मिनिट थांबा.

कपात बुडवायचा छोटा हीटर रॉड असतो तो बचतीच्या दृष्टीने फारच चांगला, पाहिजे तेवढंच पाणी तापतं. पण तो आपोआप बंद होत नाही. आधी पाण्यात बुडवा मग स्विच चालू, आधी स्विच बंद मग बाहेर काढा, चालू असताना पाण्याला आणि भांड्याला हात नाही. विसरभोळे असाल तर त्याच्या वाटेला जाऊच नका.

गॅसचं गणित वेगळं. बर्नरची निम्मीच उष्णता भांड्यात जाते असं धरून चाला, बाकी बाजूने वर निघून जाते, केटलच्या मानाने हे वायाच. पण गॅस स्वस्त असू शकतो, त्यामुळे टक्केवारी बघून ठरवू नका, पैसे बघून ठरवा. एक किलो एलपीजीमध्ये साधारण 12.8 युनिटएवढी उष्णता असते, निम्मी पाण्यात गेली तर 6.4. केटल एका युनिटमागे 0.85 देते. म्हणजे एक किलो गॅस बरोबर केटलचे साडेसात युनिट. आता सिलिंडरची किंमत भागिले त्यातले किलो करा आणि विजेच्या दराच्या साडेसात पटीशी तुलना करा. गॅसचा किलोचा भाव त्याहून जास्त असेल तर केटल वापरा, कमी असेल तर गॅस. पाइपच्या नैसर्गिक गॅसला एका घनमीटरमागे साधारण 10 युनिट उष्णता, तिथे साडेसातच्या ऐवजी सहाने गुणा. दोन्ही आकडे जवळजवळ येत असतील तर डोकं खाऊ नका, जे सोयीचं ते वापरा.

गॅसवरच करत असाल तर

झाकण ठेवा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही. आच भांड्याच्या तळाबाहेर येऊन कडेने वर चाटत असेल तर तेवढा गॅस तुम्ही हवेला देताय, तळाच्या आत राहील एवढीच ठेवा, वेळ थोडा जास्त लागेल पण गॅस कमी जाईल. छोट्या पातेल्याला छोटा बर्नर. ज्योत निळी हवी, पिवळी यायला लागली की बर्नरची भोकं साफ करा. भांडं बाहेरून ओलं असेल तर पुसून ठेवा, ते पाणी वाळवायलाही गॅसच जातो. आणि पाणी ठेवण्याआधी मग, पावडर, साखर, चमचा सगळं बाहेर काढून ठेवा, उकळी आल्यावर डबे शोधत फिरायचं नाही.

केटलवाल्यांनी एक लक्षात ठेवा, तिच्यात दूध तापवायचं नाही, तळाला लागतं, उतू जातं आणि वास कधीच जात नाही.

थर्मास: कधी फायद्याचा, कधी नुसता ओझं

"सकाळी एकदाच उकळून थर्मासमध्ये भरा" हा सल्ला सगळीकडे मिळतो. बरोबर आहे का? लिटरभर एकदम उकळायला 0.11, चार वेळा मगभर उकळायला एकूण 0.12. म्हणजे तुम्ही मापून पाणी घेत असाल तर थर्मासने जवळपास काहीच वाचत नाही. फायदा होतो तो तीन ठिकाणी. केटलची किमान पातळी जास्त असेल तेव्हा, जास्तीचं उकळलेलं थर्मासमध्ये ओतायचं आणि पुढचा मग त्यातूनच. ज्यांच्या भागात विजेचा दर वेळेनुसार बदलतो त्यांना, स्वस्त वेळेत उकळून ठेवायचं. आणि घरातल्या ज्या मंडळींना केटल भरायचीच सवय आहे, ती काही केल्या जात नाही, तिथे.

वापरायचा तर नीट वापरा. थर्मास थंड असेल तर आत थोडं गरम पाणी फिरवून मग भरा, काठोकाठ भरा, अर्धा भरलेला लवकर गार होतो. बाहेरून हात लावून बघा, गरम लागत असेल तर आतली निर्वात पोकळी गेलीय, तो थर्मास आता साधी बाटली झाला. काही तासांनी पाणी 80 च्या आसपास आलं तर ग्रीन टीला किंवा इन्स्टंट कॉफीला ते तसंच चालतं, परत उकळायचं कारण नाही.

याउलट, दिवसभर पाणी गरम ठेवणारी जी मोठी विजेची मशीन्स असतात ती घरात दोन माणसं असताना कशाला ठेवायची हे मला कधी कळलं नाही. समजा नुसतं गरम ठेवायला सरासरी 40 वॅट लागतात, तर 24 तासांत जवळजवळ एक युनिट, तेवढ्यात साडेआठ-नऊ लिटर पाणी केटलवर उकळून होईल. गर्दीच्या ऑफिसात ठीक आहे, पण तिथेही रात्री आणि सुट्टीला बंद करा. केटलचं कीप वॉर्म बटणही त्याच जातीचं, त्याला हातच लावू नका.

क्षार काढणं

केटलच्या तळाशी पांढरा खरबरीत थर दिसतो, तो कॅल्शियम कार्बोनेट. याने बिल प्रचंड वाढतं असं लोक लिहितात, माझ्या मते ते वाढवून सांगितलेलं आहे. केटलमध्ये उष्णतेला पाण्याशिवाय जायला जागा फारशी नाही, थर असला तरी शेवटी ती पाण्यातच येते. पण थरामुळे तळ जास्त तापतो, केटल वेळेआधी कट होते, आवाज वाढतो, आयुष्य कमी होतं, आणि नवीन केटल घ्यावी लागली की वर्षभर वाचवलेलं एका झटक्यात गेलं. गॅसवरच्या भांड्याला मात्र थराचा खरा तोटा होतो, कारण तिथे पाण्यात न शिरलेली उष्णता सरळ बाजूने निघून जाते.

काढायला सोपं आहे. एक लिटर पाण्यात एक-दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, घालून गरम करा, बंद करून अर्धा तास ठेवा, ओतून द्या, दोनदा साध्या पाण्याने धुवा. पावडर एकदम उकळत्या पाण्यात टाकू नका, फसफसून वर येतं. व्हिनेगरही चालतं पण वास राहतो. तारेच्या घासणीने खरवडू नका.

नवीन केटल घ्यावी का

चालू असलेली केटल फेकून "एनर्जी सेव्हिंग" लिहिलेली घेऊ नका, वर काढलेला 0.093 चा आकडा आठवा, तुमची केटल आधीच त्याच्या जवळ आहे, वाचणार तरी किती. घ्यायचीच असेल तर वॅट बघून घाबरू नका. 3000 वॅटची केटल 1500 वाल्यापेक्षा दुप्पट वीज ओढते पण निम्म्या वेळात काम संपवते, उलट वेळ कमी म्हणून उष्णता किंचित कमीच वाया जाते. फक्त घरातलं वायरिंग आणि सॉकेट तेवढ्या लोडचं हवं, आणि एक्स्टेंशन बोर्डवर केटल लावायची नाही. वापरल्यावर प्लगला हात लावून बघा, गरम लागत असेल तर सॉकेट ढिला आहे, आधी तो बदला. बघायचं ते हे: किमान पातळी कमी, 250 मिलीपर्यंत असेल तर उत्तम, सपाट तळ, मिलीच्या खुणा स्पष्ट दिसणाऱ्या, आणि एकट्यासाठी छोटीच केटल.

पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं की लवकर उकळतं वगैरे जे फिरत असतं ते सोडून द्या, चिमटीने काही फरक पडत नाही आणि चहा खारट होतो तो वेगळा.

आपलं आपण तपासा

सॉकेटमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो, मित्राकडून आणला तरी चालेल. नसेल तर मोबाईलचं स्टॉपवॉच पुरतं. एक लिटर पाणी, 25 अंशांचं, 1500 वॅटच्या केटलमध्ये आदर्श स्थितीत 209 सेकंदांत उकळायला हवं. 250 सेकंद लागले तर विजेतला 84 टक्के भाग पाण्यात गेला, छान चाललंय. फार जास्त लागले तर आधी झाकण आणि क्षार बघा, आणि तुमच्याकडे व्होल्टेज कमी येत असेल तर केटल मुळात 1500 ओढतच नाही, तेव्हा वेळ जास्त लागला तरी वीज तेवढी वाया जात नाहीये. वॅटमीटर मिळालाच तर आठवडाभर केटलला लावून ठेवा, पहिले तीन-चार दिवस घरात कोणाला काही सांगू नका, जसं चाललंय तसं चालू द्या, मग रेघ मारा आणि पुढच्या दिवसांचा आकडा बघा.